सुई टोचणारा मोकळा, टोचून घेणारा आरोपी

हेपॅटायटिस सीचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला की आपल्याकडे पहिली झडती होते ती रुग्णाच्या चारित्र्याची. नशा करता का? बाहेर कुठे जाता का? अंगावर टॅटू आहे का? उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात रक्त तपासण्याचं काम करताना हे प्रश्न मी सतत ऐकतो. विचारणारा कधी डॉक्टर असतो, कधी नर्स, कधी रुग्णाचा सख्खा भाऊ. उत्तर देणारी साठीची आजी असते, जिला चहापलीकडे कसलंही व्यसन नाही. ती मान खाली घालते. आजी, तुमच्या बाळंतपणात रक्त चढवलं होतं का, कोणत्या साली, असं तिला कुणी विचारत नाही. नाक्यावरच्या दवाखान्यात सलाईन लावलं तेव्हा सुई तुमच्यासमोर पाकिटातून काढली होती का, असंही कुणी विचारत नाही.

माझं म्हणणं एकच आहे आणि ते मी आडपडदा न ठेवता मांडतो. या तीन शहरांत हेपॅटायटिस सीच्या बाबतीत सगळ्यांत बेजबाबदार वागणूक रुग्णांची नाही. ती ज्यांच्या हातात सुई असते त्यांची आहे, आणि त्यांच्यावर नजर ठेवण्याचा पगार जे घेतात त्यांची आहे.

आधी आजाराबद्दल नीट सांगतो. कावीळ म्हटलं की आपल्याला गढूळ पाणी, उसाचा रस, पाणीपुरी आठवते. ती कावीळ ए आणि ई या विषाणूंची. ती डोळे पिवळे करते आणि बहुतेकांना आपोआप सोडून जाते. त्यावरच कावीळ उतरवणाऱ्यांचं दुकान चालतं: गळ्यात माळ घाला, चुन्याच्या पाण्यात हात धुवा, पिवळं झालेलं पाणी बघा, पैसे ठेवा. सी विषाणूची चाल वेगळी आहे. तो रक्तातून रक्तात जातो. एका ताटात जेवल्याने, गळाभेटीने, एकाच ग्लासातून पाणी प्यायल्याने तो पसरत नाही. लैंगिक संबंधांतून सहसा फार क्वचित जातो. बाधित आईकडून बाळाला होण्याचं प्रमाण शंभरात पाच-सहा. त्याचे मोठे रस्ते म्हणजे सुई, सिरिंज, रक्ताची पिशवी आणि निर्जंतुक न केलेली हत्यारं. वापरलेल्या सिरिंजमध्ये उरलेल्या रक्तात हा विषाणू 63 दिवसांपर्यंत तग धरू शकतो, असं प्रयोगशाळेत दिसून आलं आहे.

शरीरात शिरल्यावर शंभरातल्या 55 ते 85 जणांत तो कायमचा मुक्काम करतो. त्यांतल्या 15 ते 30 टक्के लोकांच्या यकृताचा वीस वर्षांत सिरॉसिस होतो, काहींना पुढे यकृताचा कर्करोग होतो. मधल्या सगळ्या वर्षांत बहुतेकांना काही दुखत नाही, डोळे पिवळे होत नाहीत. म्हणूनच सुई टोचणारा निर्धास्त असतो. आज टोचलेल्या घाणेरड्या सुईचा परिणाम पोटात पाणी भरून दिसेपर्यंत दवाखान्याची पाटी बदललेली असते आणि सुई कुणी टोचली होती हे रुग्णालाही आठवत नाही.

‘आपल्याकडे प्रमाण नगण्य आहे’ हे वाक्य मी अधिकाऱ्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलं आहे की आता त्याची चीड येते. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने 2021 मध्ये प्रसिद्ध केलेल्या राष्ट्रीय पाहणीत देशातल्या 0.32 टक्के लोकांच्या रक्तात सी विषाणूची प्रतिपिंडं आढळली. आता हिशेब करा. 2011 च्या जनगणनेत उल्हासनगरची लोकसंख्या 5,06,098 होती, अंबरनाथची 2,53,475 आणि कुळगाव-बदलापूरची 1,74,226. नुसती देशाची सरासरी लावली तरी तेव्हाच्या या लोकसंख्येत सुमारे तीन हजार माणसं निघतात. त्यानंतर बदलापूरच्या डोंगरापर्यंत इमारती गेल्या, अंबरनाथ पूर्वेला नवी वस्ती उठली. ही तीन हजार किंवा त्याहून जास्त माणसं कोण आहेत, कुठल्या कॅम्पात, कुठल्या वाडीत राहतात, याची यादी कोणत्या कार्यालयात आहे? मी विचारून पाहिलं आहे. मला उत्तर मिळालेलं नाही.

शिवाय हा विषाणू सरासरीने पसरतच नाही. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेच्या संशोधकांचा पश्चिम महाराष्ट्राच्या ग्रामीण भागातला अभ्यास 1999 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सी विषाणूचं प्रमाण खरोखरच नगण्य निघालं. या आकड्याने खुश होण्याचं कारण नाही, त्याचा अर्थ ध्यानात घ्यायला हवा. हा आजार आपल्या मातीत किंवा रक्तात उपजत नाही. तो आणून टोचावा लागतो. ज्यांच्या शरीरात सुया आणि रक्ताच्या पिशव्या जास्त जातात त्यांच्यात तो गोळा होतो: थॅलेसेमियाची मुलं, डायलिसिसचे रुग्ण, सुईने नशा करणारे, आणि इंजेक्शनवर चालणाऱ्या दवाखान्यांची गिऱ्हाइकं. यांतल्या पहिल्या दोघांची वागणूक कसली जोखमीची? मुलाने रक्त घ्यायला नकार द्यायचा होता का?

दवाखान्यांपासून सुरुवात करू. उल्हासनगरात जीन्स शिवणाऱ्याला पीसवर पैसे मिळतात. अंबरनाथ-बदलापूरच्या एमआयडीसीत ठेकेदाराकडे असलेल्या कामगाराचा खाडा झाला की त्या दिवसाची मजुरी गेली. त्याला ताप आला तर तो उद्या सकाळी उभं राहण्यासाठी डॉक्टरकडे जातो. ही निकड ओळखून गल्लीबोळांत दवाखाने उभे आहेत. तिथे निदान होत नाही, टोचणी होते. डायक्लोफेनॅक दुखणं दाबतं, डेक्सामेथासोन तरतरी आणतं, बी-कॉम्प्लेक्स लाल दिसतं म्हणून ताकदीचं वाटतं. कमजोरी आहे म्हणून सलाईन. यांतलं बहुतेक सगळं गोळीने भागलं असतं, किंवा लागलंच नसतं. पण गोळीचे पैसे कमी मिळतात आणि सुईचे जास्त.

सिरिंज एकदाच वापरायची हे आज जवळपास सगळ्यांना माहीत आहे, म्हणून चोरी अधिक सफाईने होते. सिरिंज तीच ठेवून फक्त सुई बदलतात, किंवा वापरलेली सुई पुन्हा औषधाच्या मोठ्या कुपीत बुडवतात. पहिलाच माणूस बाधित असेल तर दहा जणांना पुरणारी कुपी त्याच्यानंतर दूषित होते आणि उरलेले नऊ जण पैसे देऊन लागणीचा धोका घेऊन जातात. सिरिंज काही रुपयांना मिळते. एवढ्या रकमेसाठी माणसाचं यकृत पणाला लावणाऱ्याला मी डॉक्टर म्हणणार नाही, त्याच्या भिंतीवर पदवी असो वा नसो.

पदवी नसलेल्यांची तर इथे कमतरता नाही. या पट्ट्यात बोगस डॉक्टर पकडल्याच्या बातम्या वारंवार येतात. चार दिवस गाजतात, मग जामीन होतो आणि पुढच्या गल्लीत नवा बोर्ड लागतो. महाराष्ट्र वैद्यक व्यावसायिक अधिनियम 1961 चं कलम 33 त्यासाठीच आहे. बोगस डॉक्टर शोधण्याच्या समित्याही कागदावर आहेत. तरीही असा माणूस वर्षानुवर्षं भर बाजारात बसू शकतो याचा अर्थ एकच होतो: त्याच्या दारावरून रोज जाणाऱ्या आरोग्य निरीक्षकाला त्याला पाहायचं नाही.

हे मी वाढवून सांगतोय असं वाटत असेल तर आकडे घ्या. 2002 ते 2004 या काळात इंडिया क्लिनिकल एपिडेमिऑलॉजी नेटवर्कने केलेल्या देशव्यापी पाहणीचा अंदाज होता की भारतात वर्षाला सुमारे 300 कोटी इंजेक्शनं दिली जातात आणि त्यांतली जवळजवळ 63 टक्के असुरक्षित असतात. 2009 मध्ये गुजरातेतल्या मोडासात दूषित सुयांमुळे हेपॅटायटिस बी पसरला, माणसं पटापट मेली आणि डॉक्टरांना अटक झाली. 2018 च्या सुरुवातीला उत्तर प्रदेशातल्या उन्नाव जिल्ह्यात बांगरमऊला एकाच सिरिंजने टोचत फिरणाऱ्या बोगस डॉक्टरमुळे डझनावारी लोकांना एचआयव्हीची लागण झाल्याचं उघड झालं. 2019 मध्ये पाकिस्तानच्या सिंध प्रांतात, लारकाणा जिल्ह्यातल्या रातोदेरोत, शेकडो लहान मुलांच्या रक्तात एचआयव्ही सापडला. त्यांतल्या बहुतेकांच्या आईवडिलांना लागण नव्हती. ती पुन्हा पुन्हा वापरलेल्या सुयांमधून आली होती. त्यानंतर पाकिस्तानने साध्या सिरिंजऐवजी एकदा वापरली की आपोआप निकामी होणारी एडी सिरिंज आणायचं ठरवलं. उल्हासनगरकरांनी रातोदेरोचं नाव विसरू नये. 1947 मध्ये कल्याण कॅम्पच्या लष्करी बराकींत येऊन उतरलेल्या कुटुंबांची मूळ गावं त्याच सिंधमध्ये आहेत. तिथे जे घडलं ते इथे घडणार नाही याची हमी कोण देणार?

आता रक्ताकडे येऊ. हेपॅटायटिस सीचा विषाणू 1989 मध्ये ओळखला गेला. या संशोधनासाठी हार्वे आल्टर, मायकेल हॉटन आणि चार्ल्स राइस यांना 2020 चं नोबेल मिळालं. रक्तपेढीत दान केलेल्या प्रत्येक पिशवीची सी विषाणूसाठी तपासणी भारतात 2001 मध्ये सक्तीची झाली. म्हणजे चाचणी जगात उपलब्ध झाल्यावरही दहा वर्षांच्या आसपास हे रक्त आपल्याकडे न तपासता चढवता येत होतं. त्यात पैसे घेऊन रक्त विकणारे धंदेवाईक दाते होते. सर्वोच्च न्यायालयाच्या 1996 च्या निकालानंतर त्यांच्यावर बंदी आली, ती 1 जानेवारी 1998 पासून. आता त्या साठीच्या आजीकडे परत बघा. सिझेरियनमध्ये रक्तस्राव झाला म्हणून 1993 साली तिला दोन बाटल्या चढवल्या. ते रक्त कुणाचं होतं, तिला माहीत नाही. 2001 पूर्वी रक्त घेतलेल्या माणसांना बोलावून एकदा तपासा, एवढी साधी सूचना वॉर्डावॉर्डात जायला हवी होती. आशाताई घरोघरी जातात, नोंदी करतात. त्यांच्या फॉर्मवर हा एक प्रश्न घालायला कोणता निधी लागतो?

सगळ्यांत जास्त संताप येतो तो मुलांच्या बाबतीत. सिंधी समाजात थॅलेसेमियाच्या वाहकांचं प्रमाण देशाच्या सरासरीपेक्षा बरंच जास्त आहे, आणि उल्हासनगर हे सिंधी समाजाचं गाव आहे. थॅलेसेमिया मेजर असलेल्या मुलाला दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त लागतं. दहा वर्षांचं होईपर्यंत शंभरावर वेळा अनोळखी रक्त त्याच्या शरीरात गेलेलं असतं. नेहमीची एलायझा चाचणी लागणीनंतरचे साधारण पहिले दोन महिने प्रतिपिंडं पकडू शकत नाही. नॅट चाचणी थेट विषाणू शोधते आणि तो आंधळा काळ आठवड्या-दीड आठवड्यावर आणते. ही चाचणी देशात अजून सक्तीची नाही. कारण काय, तर महाग आहे. 2011 मध्ये जुनागढच्या सरकारी रुग्णालयातून रक्त घेणाऱ्या 23 थॅलेसेमियाग्रस्त मुलांना एचआयव्ही असल्याचं निघालं. 2025 च्या ऑक्टोबरात झारखंडातल्या चाईबासात पुन्हा तेच. मधल्या चौदा वर्षांत आपण काय शिकलो? जे मूल जगण्यासाठीच रक्तावर अवलंबून आहे त्याच्या पिशवीवर काटकसर करणारं सरकार मला काटकसरी वाटत नाही, निर्दयी वाटतं.

समाजानेही आपला वाटा उचलावा. लग्नाआधी मुलगा-मुलगी दोघांची थॅलेसेमियाचे वाहक ओळखणारी एचबीए-टू तपासणी करणं हा एका रक्तनमुन्याचा प्रश्न आहे. पत्रिका जुळवायला पंडिताकडे जाणाऱ्यांना लॅबमध्ये यायला लाज का वाटते?

डायलिसिसची गोष्ट वेगळी नाही. मूत्रपिंड निकामी झालेला माणूस आठवड्यातून दोन-तीनदा खुर्चीवर बसतो, त्याचं सगळं रक्त यंत्रातून फिरतं. एका रुग्णाचे हातमोजे न बदलता दुसऱ्याची नळी जोडली, सांडलेलं रक्त नीट पुसलं नाही, एकाच ट्रेवरून चार जणांची, रक्त गोठू न देणारी हेपॅरिनची इंजेक्शनं भरली, की तो विषाणू आपलं काम करतो. वर्षभरापूर्वी निगेटिव्ह असलेला रुग्ण पॉझिटिव्ह होतो तेव्हा त्याच्या वागणुकीत शोधण्यासारखं काही नसतं. त्या केंद्राची चौकशी व्हायला हवी. आमच्याकडून जातात ते फक्त रिपोर्ट, चौकशीची मागणी करणारा कुणी नाही.

आणि लागण करून झाल्यावर हीच व्यवस्था रुग्णाला दारातून हाकलते. बहुतेकांना हा आजार कळतो तो ऑपरेशनआधीच्या तपासणीत. हर्नियासाठी, मोतीबिंदूसाठी दाखल व्हायचं असतं, रिपोर्टवर ‘एचसीव्ही रिॲक्टिव्ह’ येतं, आणि तारीख पुढे जाते. मग ‘वेगळं किट लागेल, वेगळे पैसे लागतील’ किंवा सरळ ‘मुंबईला जा’. असे रुग्ण रिपोर्ट हातात घेऊन माझ्याकडे परत येतात. प्रत्येक रुग्णाचं रक्त संसर्गजन्य समजूनच काळजी घ्यायची, हा शस्त्रक्रियेचा प्राथमिक नियम आहे. तो पाळणाऱ्याला सीच्या रुग्णाची भीती वाटायचं कारण नाही. एचआयव्ही असलेल्यांना 2017 च्या कायद्याने भेदभावापासून संरक्षण दिलं. सीच्या रुग्णासाठी असा कायदा नाही, म्हणून त्याला बाहेर काढणं सोपं जातं. शिवाय ‘रिॲक्टिव्ह’ म्हणजे फक्त प्रतिपिंडं सापडली. विषाणू आत्ता शरीरात आहे की नाही हे आरएनए चाचणीच सांगते. पूर्ण बरा झालेला माणूसही आयुष्यभर प्रतिपिंडांच्या चाचणीत पॉझिटिव्ह येतो. हा फरक न समजणाऱ्यांनी माणसांच्या नोकऱ्या आणि ठरलेली लग्नं मोडली आहेत.

राहिले नशा करणारे. त्यांचं नाव सगळ्यात शेवटी घेतलं, कारण इतर सगळे ते सगळ्यात आधी घेतात. रुळांच्या कडेला, बंद पडलेल्या शेडमध्ये सुईने नशा करणारी पोरं आपल्याकडे आहेत. एकच सिरिंज चौघांत फिरवली तर सी विषाणू झपाट्याने पसरतो, हे खरं आहे आणि मी ते लपवणार नाही. पण ती सिरिंज का फिरते ते बघा. मेडिकलवाला तोंड बघून सिरिंज नाकारतो. खिशात सुई सापडली तर पोलीस उचलतात. म्हणून नवी सुई जवळ ठेवायची नाही, जिथे मिळेल तिथे, ज्याची असेल त्याची वापरायची. त्यांची ही जोखीम आपण घडवली आहे. नव्या सुया देणं आणि तोंडावाटे ब्युप्रेनॉर्फिन देऊन सुईपासून सोडवणं, हे दोन्ही कार्यक्रम एड्स नियंत्रण यंत्रणा चालवते. मुंबईत संकल्प रिहॅबिलिटेशन ट्रस्ट 1995 पासून अशा लोकांमध्ये काम करतो आहे. ‘सुई देणं म्हणजे नशेला उत्तेजन’ असं म्हणणाऱ्यांना माझा प्रश्न आहे: तो पोरगा बिनसुईचा तर राहणार नाही, मग विषाणू असलेली सुई त्याला मिळावी असं तुम्हाला वाटतं का? त्याला घर आहे, उद्या बायको असेल, मूल असेल.

‘डॉक्टर, एक सुई मारा ना’ असा हट्ट रुग्णही धरतात. तो थांबायला हवा. पण ज्याने चार पुस्तकं वाचून शपथ घेतली आहे त्याची आणि रोजगार बुडेल या भीतीने रांगेत उभ्या असलेल्या कामगाराची जबाबदारी सारखी नाही. नाही म्हणायचं काम डॉक्टरचं आहे. त्यासाठीच तर तो शिकला.

हे सगळं मी लिहितो आहे ते हतबलतेने नाही. या आजाराला लस नाही, पण इलाज आहे, आणि तो पक्का आहे. 2013 च्या अखेरीस अमेरिकेत सोफोसबुव्हिर हे औषध बाजारात आलं तेव्हा बारा आठवड्यांच्या कोर्सची किंमत 84,000 डॉलर होती. 2014 मध्ये भारतीय कंपन्यांना ते बनवण्याचा परवाना मिळाला आणि किमती कोसळल्या. 28 जुलै 2018 पासून राष्ट्रीय विषाणूजन्य हेपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात तपासणी आणि औषधं सरकार फुकट देतं. बहुतेकांना दिवसाला एक-दोन गोळ्या, बारा आठवडे, आणि शंभरातले 95 हून अधिक बरे. उल्हासनगर-3 मधल्या मध्यवर्ती रुग्णालयात तिन्ही शहरांतले आणि आसपासच्या तालुक्यांतले गरीब रुग्ण येतात. त्या रुग्णालयाच्या दारावर, तिन्ही स्टेशनांच्या पुलांवर, प्रत्येक रेशन दुकानात हे फुकट उपचार मोठ्या अक्षरांत लिहिलेले असायला हवेत. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक पॉझिटिव्ह रुग्णांना औषध फुकट मिळतं हे माहीतच नसतं.

इजिप्तचं उदाहरण मुद्दाम सांगतो. 1950 च्या दशकापासून 1980 च्या सुरुवातीपर्यंत तिथल्या सरकारने गोगलगायींतून होणाऱ्या शिस्टोसोमियासिससाठी लोकांना सामूहिक इंजेक्शनं दिली, नीट न उकळलेल्या काचेच्या सिरिंजने. त्यातून हेपॅटायटिस सी घराघरांत गेला आणि इजिप्त जगातल्या सर्वांत जास्त लागण असलेल्या देशांत जाऊन बसला. पुढे तिथल्या सरकारने लोकांच्या सवयींवर बोट ठेवलं नाही. 2018-19 मध्ये काही महिन्यांत सुमारे पाच कोटी लोकांची तपासणी केली, सापडलेल्यांना औषध दिलं, आणि 2023 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्या कामगिरीची दखल घेतली. पाच कोटी माणसं तपासता येतात तर आपल्या तीन शहरांतली दहा-बारा लाख माणसं का नाही?

म्हणून मागण्या स्पष्ट आहेत. 2001 पूर्वी रक्त घेतलेल्या प्रत्येकाची, थॅलेसेमियाच्या प्रत्येक मुलाची आणि डायलिसिसच्या प्रत्येक रुग्णाची तपासणी या वर्षात पूर्ण करा. पॉझिटिव्ह आलेल्याची आरएनए चाचणी त्याच नमुन्यातून, त्याच ठिकाणी करा, त्याला ठाण्या-मुंबईच्या चकरा मारायला लावू नका. थॅलेसेमियाच्या मुलांना नॅट तपासलेलंच रक्त द्या. लसीकरणात वापरतात तशा एडी सिरिंज खासगी दवाखान्यांतही सक्तीच्या करा. सिरिंज किती घेतल्या आणि जैववैद्यकीय कचऱ्यात सुया किती गेल्या याचा हिशेब प्रत्येक दवाखान्याकडून मागा. हिशेब जुळला नाही तर दवाखान्याला सील लावा. पॉझिटिव्ह रुग्णाचं ऑपरेशन नाकारणाऱ्या रुग्णालयाला दंड करा. बोगस डॉक्टर ज्या वॉर्डात सापडेल त्या वॉर्डाच्या आरोग्य अधिकाऱ्याला निलंबित करा, म्हणजे पुढचा बोगस डॉक्टर शोधायला पत्रकार लागणार नाही.

आणि ज्यांच्या हातात हा रिपोर्ट आहे त्यांना मला एवढंच सांगायचं आहे. मान वर करा. तुम्ही काही पाप केलेलं नाही. औषध घ्या, बरे व्हा, आणि तुम्हाला ज्याने टोचलं त्याचा पत्ता आठवत असेल तर लेखी तक्रार करा. ती लिहायला मदत लागली तर मी करीन.